धाकटीचं उघडतं, माझं पडतं

सौ. वन्सं यांना थोरलीचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? शाळेचा जिना चढताना कठडा धरता, की मुली बघतात म्हणून तशाच ताठ चढता? (मागच्या वेळी आलात तेव्हा मी बघितलंय, म्हणून विचारते.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आईंना नवा चष्मा लागला. आता त्यांना कोपऱ्यातली धूळसुद्धा दिसते, त्यामुळे घरात जरा अशांतता आहे. यांचा खोकला गेला. भाऊजी बरे आहेत. धाकटीही बरी आहे, म्हणजे फारच बरी आहे, तिला काय होणार. (हे शेवटचं वाक्य खोडणार होते, पण पत्रात खोडाखोड केलेली तुम्हाला आवडत नाही.)

मंगळवारी नक्की काय झालं असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी नंतर सांगते म्हणाले. कारण फोन हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये धाकटी क्रोशाची सुई घेऊन बसलेली. ईमेल करावं म्हटलं तर आमचं ईमेल भाऊजींनीच करून दिलेलं, ते कुठून कुठे जातं याचा मला भरवसा नाही. म्हणून कागद. हे पत्र भाऊजींच्याच हाती पाठवते आहे, शनिवारी ते कामानिमित्त तुमच्या गावी येताहेत. पाकीट मी डिंकाने न चिकटवता मशीनवर चारही बाजूंनी शिवून टाकणार आहे, बारीक टाक्याने. कुणी वाटेत उसवलं तर तुम्हाला लगेच कळेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मला धाकटीचा हेवा वाटतो असं घरात कुणीकुणी म्हणतं. तसं काही नाही. मी या घरात तिच्या आधी सात वर्षं आले, त्या सात वर्षांत तुम्ही माझ्या हातची फुलं बघून काय म्हणायचात ते मला तोंडपाठ आहे, आणि ती आल्यावर काय म्हणायचं बंद केलंत तेही तोंडपाठ आहे. पण म्हणून हेवा वाटतो असं नाही. मी फक्त लक्षात ठेवते.

आता मुद्द्यावर येते. आमच्या दोघींच्या कामाची एक वेबसाइट भाऊजींनी केली, ती तुम्ही बघितलीच आहे. डावीकडे धाकटीचे क्रोशाचे नमुने, उजवीकडे माझे मशीन-भरतकामाचे. (डावीकडे ती का? भाऊजी म्हणतात, वाचणारा डावीकडून सुरुवात करतो. मग थोरली डावीकडे हवी की नको?) प्रत्येक नमुन्याखाली एक लिंक. लिंकवर क्लिक केलं की नमुना मिळतो. तिचा नमुना म्हणजे पीडीएफ. कुठली साखळी कुठे, कितवा टाका कुठल्या घरात, सगळं चित्रांसकट. माझा नमुना म्हणजे पंचिंगची फाइल. तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या शाळेच्या मोठ्या बाईंना सांगावं लागलं तर सोपं करून सांगते: मी चित्र काढते, मग कॉम्प्युटरवर त्या चित्राचे टाके बसवते, एकेक टाका, कुठून कुठे जायचा आणि कुठे दोरा कापायचा. माझ्या त्या कोपऱ्यातल्या वेलीत चौदा हजार टाके आहेत. ती फाइल माणसाने बघायची नसते, मशीनने वाचायची असते. तिच्या नावाच्या शेवटी डीएसटी असं शेपूट असतं, जसं धाकटीच्या फाइलला पीडीएफचं असतं.

साइट सुरू झाली त्या दिवशी आम्ही सगळे भाऊजींच्या टेबलाभोवती उभे. आधी धाकटीची लिंक. क्लिक केलं आणि ब्राउझरमध्ये तिच्या त्या क्रोशाच्या खिडकी-पडद्याचा अख्खा नमुना उलगडला, पांढराशुभ्र, बाजूला पानांची यादी, वर मोठं करायचं बटण. आई म्हणाल्या, किती सुंदर. हे म्हणाले, वा. मग माझी लिंक. क्लिक केलं आणि पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम आणि मध्येच एक कुठलंसं अक्षर, असं पानभर. चौदा हजार टाक्यांची माझी वेल आणि दिसायला अशी की कुणी कीबोर्डवर बसलंय. कुणी हसलं नाही, हे मान्य करते. पण कुणी वा पण म्हणालं नाही. धाकटी म्हणाली की वहिनी, काहीतरी चुकलंय. ते मलाही दिसत होतं.

भाऊजींनी मग समजावून सांगितलं, आणि मी ते नीट ऐकून घेतलं, कारण ज्याने आपला अपमान केला त्याची पद्धत आपल्याला माहीत हवी. आमच्या फाइली आपल्या घरात नसतात, एका कंपनीच्या खोलीत सर्व्हर नावाचा कॉम्प्युटर असतो, त्याच्याकडे ठेवलेल्या असतात. कुणी लिंकवर क्लिक केलं की त्या माणसाचा ब्राउझर सर्व्हरकडे फाइल मागतो. सर्व्हर ती देतो, पण देण्याआधी वर एक चिठ्ठी लावतो: ही पीडीएफ आहे, हा फोटो आहे, हा साधा मजकूर आहे. ब्राउझर चिठ्ठी वाचतो. त्यातली वस्तू त्याला दाखवता येत असली तर दाखवतो, नसली तर गुपचूप डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ठेवून देतो. आणि चिठ्ठीवर काय लिहायचं ते सर्व्हर कसं ठरवतो? फाइल उघडून? छे. नावाच्या शेपटीवरून. त्याच्याकडे शेपटांची एक यादी असते. त्या यादीत पीडीएफ आहे, फोटोंचे सतरा प्रकार आहेत, डीएसटी नाही. आणि यादीत नसलेलं काही आलं की आमच्या कंपनीचा सर्व्हर सरळ लिहितो, साधा मजकूर. मग ब्राउझर बिचारा माझे टाके अक्षरं समजून वाचायला बसतो.

म्हणजे बघा वन्सं, आत काय आहे ते कुणी बघतच नाही. मी भाऊजींना विचारलं की ब्राउझरला स्वतःची अक्कल नाही का. ते म्हणाले, थोडी असते, काही वेळा तो फाइलची सुरुवात हुंगून बघतो, पण सर्व्हरने ठामपणे सांगितलं असलं तर बहुतेक वेळा ऐकतो. मला आई आठवल्या. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना आईंनी कधी चिठ्ठ्या लावल्या नाहीत, झाकण उघडायचं, हुंगायचं, की झालं. धाकटी आल्यावर तिने सगळ्या डब्यांना छापील चिठ्ठ्या लावल्या. तेव्हापासून मला साखर सापडते, पण माझं मत कुणी विचारत नाही. (विषयांतर झालं.)

त्यावर मी जे केलं ते सांगते, हसू नका. मी विचार केला, शेपटीवरूनच मान मिळत असेल तर आपणही तीच शेपटी लावावी. मी माझ्या सगळ्या फाइलींची नावं बदलली, डीएसटी काढून पीडीएफ लिहिलं आणि चढवून दिल्या. पीडीएफ काय फक्त धाकटीनेच लिहायचं? सर्व्हरने लगेच चिठ्ठी लावली, पीडीएफ. ब्राउझरने ऐटीत पीडीएफची खिडकी उघडली, तीच पांढरीशुभ्र, वर तेच मोठं करायचं बटण, आणि मधोमध लिहिलं की फाइल खराब झालेली आहे. खराब. माझी. दोन दिवसांत चार गिऱ्हाइकांचे फोन आले. त्यातल्या एकीने ती फाइल तशीच मशीनला लावली, मशीनने ओळखच दाखवली नाही. एक शिंपी तर दारात येऊन मला म्हणाला की बाई, तुमचं काम चांगलं होतं, हल्ली काय झालं. मी मुकाट्याने सगळी शेपटं परत जागच्या जागी लावली.

मग भाऊजींनी सर्व्हरवर माझ्यासाठी एक ओळ लिहिली. आमच्या जागेत एक छोटी फाइल असते, तिच्या नावाची सुरुवात टिंबापासून होते म्हणून ती सहसा दिसतच नाही, पण सर्व्हर दर वेळी आधी ती वाचतो आणि तिच्यात सांगितलं असेल तसं करतो. त्यात भाऊजींनी लिहिलं की डीएसटी आली तर ती दाखवायला जाऊ नकोस, जोडून पाठव, म्हणजे समोरच्याच्या डाउनलोडमध्ये जाऊन पडेल. आणि तसंच झालं. आता माझ्या लिंकवर क्लिक केलं की काही होतच नाही. म्हणजे होतं, पण दिसत नाही. कोपऱ्यात एक बाण खाली जातो आणि संपलं. धाकटीचं उघडतं, माझं पडतं. तिचा नमुना पुढच्या दाराने पाहुण्यासारखा आत येतो आणि माझा मागच्या बाजूला, कुठल्याशा फोल्डरमध्ये, लोकांच्या जुन्या तिकिटांच्या आणि विजेच्या बिलांच्या ढिगात.

आणि तुम्ही घरच्या ग्रुपवर काय लिहिलंत? तिचा पडदा बघून तीन बदाम आणि अप्रतिम. माझ्या वेलीच्या लिंकखाली लिहिलंत, हो का, छान. मी ते वाचलं, फोन खाली ठेवला, दिवसभरात दोन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लावल्या. नंतर माझ्या लक्षात आलं की तुम्हाला काही दिसलंच नसणार, वेल तुमच्या डाउनलोडमध्ये पडली असणार. अजून पडलेली असेल. पण त्या दिवशी ते सुचलं नाही. त्या दिवशी फक्त तीन बदाम मोजले, पुन्हा पुन्हा, आणि ते तीनच होते.

त्यात भर म्हणजे भाऊजींनी ती ओळ लिहिण्याआधी मी एक बोलणं ऐकलं होतं. मुद्दाम नाही, मी जिन्यात रीळ शोधत होते. (जिन्यात रीळ कसं असेल असं विचाराल. घरंगळतं.) वर धाकटी भाऊजींना सांगत होती, "वहिनींची फाइल उघडू देऊ नका. थेट डाउनलोडच होऊ दे." अगदी याच शब्दांत. आता तुम्ही सांगा, यावर माणसाने काय समजायचं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी रीळ न घेता खाली आले.

अशात तुमच्या शाळेचं निघालं. एका सत्रासाठी हस्तकलेला बाहेरची एक शिक्षिका घ्यायची आहे, मोठ्या बाई मंगळवारी अकरा वाजता आमची साइट बघणार आहेत, दोघींमधली एकच निवडतील, यादी त्याच्या पुढच्या सोमवारी लागेल, असं तुम्ही कळवलंत. दोघींना एकाच वेळी, एकाच मेसेजमध्ये. (मला आधी कळवलं असतं तरी चाललं असतं.) वन्सं, तुम्हाला माहीत नाही हे मला किती हवं होतं. बारा वर्षं मी त्या पुढच्या खोलीत मशीनपाशी बसते, खिडकी गल्लीकडे, दिवसभर मशीनचा आवाज आणि रिंगेत ताणलेलं कापड. लोक येतात, कपडे देतात, कपडे नेतात. फळ्यासमोर उभं राहून कुणाला तरी सांगावं की टाका असा का वळतो, हे मी मनातल्या मनात इतक्यांदा केलंय की खडूसुद्धा हातात जाणवतो. शिवाय एक सत्र तुमच्याकडे राहायचं. ते मी कुणाला बोलले नाही.

आणि मला दिसत होतं की मंगळवारी काय होणार. बाई क्लिक करतील, धाकटीचा पडदा उलगडेल, चार महिने खपून केलेला, पंचवीस पानांचा. मग माझ्या लिंकवर क्लिक करतील आणि कोपऱ्यात बाण खाली जाईल. बाई म्हणतील, हिचं काही उघडत नाही.

आता पुढचं. आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, आई शेजारी गेल्या असताना, हे आणि भाऊजी कामावर असताना आणि धाकटी लोकर आणायला बाहेर पडली असताना, कुणीतरी सर्व्हरवरच्या त्या टिंबवाल्या फाइलीत हात घातला. कुणी ते मला काय माहीत. पासवर्ड भाऊजींना ठाऊक आहे, आणि ते विसरतात म्हणून त्यांनी तो एका चिठ्ठीवर लिहून माझ्या धाग्यांच्या डब्यात ठेवायला दिला होता, कारण त्यांच्या मते या घरात माझ्याइतकं विश्वासाचं माणूस नाही. तर त्या कुणीतरीने भाऊजींची ओळ वाचली, डीएसटी आली तर जोडून पाठव, आणि त्यातला डीएसटी हा शब्द पुसून टाकला. म्हणजे काहीही आलं तरी जोडून पाठव. सगळ्यांना एकच न्याय. तत्त्व म्हणून त्यात वाईट काही नाही.

पण त्या कुणीतरीच्या लक्षात आलं नाही की साइटची पानंसुद्धा फाइलीच असतात. साइटचा पत्ता टाकला तर पहिलं पान उघडण्याऐवजी तेही बाण होऊन डाउनलोडमध्ये पडलं. पुन्हा टाकला, पुन्हा पडलं. अख्खी साइट क्लिकसरशी ढिगात. त्या कुणीतरीने घाईघाईने कीबोर्ड पुढे ओढला असणार, त्यात शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान भाऊजींच्या टेबलाखाली गेलं असणार. (ते अजून सापडलेलं नाही.) शेवटी अर्ध्या तासाने कसंबसं ती ओळ तिथून काढून फक्त नमुन्यांच्या फोल्डरला लावली गेली. पानं परत उघडू लागली. फक्त नमुने, तिचे आणि माझे, दोघींचे सारखेच पडू लागले. मग धाकटी लोकर घेऊन आली आणि तिने दाराशीच विचारलं, वहिनी, चेहरा असा का, बरं नाही का. तिने मला पाणी आणून दिलं.

मंगळवारी आम्हाला काहीच कळलं नाही. तुम्ही फोन केलात तेवढंच. बुधवारी सकाळी बाईंचा स्वतःचा फोन आला आणि भाऊजींनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. बाईंचं बोलणं तुम्हाला माहीत आहे, एकेक शब्द तोलून. त्या म्हणाल्या, क्रोशाच्या लिंकवर त्यांनी अकरा वेळा क्लिक केलं, काहीही उघडलं नाही, फाइल बिघडलेली दिसते, खेद वाटतो. भरतकामाचंही उघडलं नाही, पण त्या लिंकखाली दोन ओळी लिहिलेल्या होत्या: ही फाइल पडद्यावर उघडणार नाही, ती तुमच्या डाउनलोडमध्ये मिळेल, पेन ड्राइव्हवर घेऊन मशीनला लावा. त्यांनी तसं केलं. मशीन-खोलीतल्या मास्तरांनी वेल कापडावर उतरवली. मग बाई म्हणाल्या, "चौदा हजार टाक्यांत एकदाही दोरा तुटला नाही. थोरल्या बाईंचं नाव मी लिहून घेतलंय."

बारा वर्षांत हे मला कुणी म्हणालं नव्हतं. आई रडल्या. यांनी माझ्याकडे बघितलं, असं की जणू लग्नात बघायचं राहून गेलं होतं. आणि मी वळून धाकटीकडे बघितलं, कारण खरं सांगते, मला तिचा पडलेला चेहरा बघायचा होता. तेवढ्यासाठी मी वळले होते.

चेहरा पडला नव्हता. म्हणजे थोडा पडला होता, मग तिने तो उचलला. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझे दोन्ही हात धरले. माझ्या हातांना मशीनचं तेल होतं. म्हणाली, "वहिनी, माझं लोक बघतात आणि बंद करतात. तुमचं घरी घेऊन जातात. मला तुमचा नेहमी हेवा वाटायचा."

मी विचारलं, लिंकखालच्या त्या दोन ओळी कुणी लिहिल्या. ती म्हणाली, तिनेच, सोमवारी रात्री भाऊजींकडून घालून घेतल्या. माझ्या गिऱ्हाइकांचे फोन आले की मी मशीनवर असते, ते तीच घेते. गिऱ्हाइकांनी माझी फाइल ब्राउझरमध्ये चौकोन आणि प्रश्नचिन्हांसारखी बघावी आणि हसावं, हे तिला सहन होईना, म्हणून तिने भाऊजींना बजावलं होतं की उघडूच देऊ नका, अख्खी त्यांच्या हातात पडू दे. जिन्यात ऐकू आलेलं ते बोलणं हे होतं. पुढचं वाक्य ऐकायला मी थांबले असते तर कळलं असतं, पण मी रीळ सोडून आले होते.

वन्सं, तेव्हापासून मला जेवण जात नाही. मशीनवर बसले की दोरा तुटतो, जो बाईंकडे तुटला नाही तो इथे दर शंभर टाक्यांना तुटतो. धाकटी माझ्यासाठी तुमच्याकडे न्यायच्या कपड्यांची यादी करते आहे. तिने मला एक स्वेटरही विणायला घेतलाय, शाळेचा जिना थंड असतो म्हणून. गळा फार छान वळवलाय. तेही मला खुपतं आहे.

असो. फार लांबलं. गुडघ्याला शेक घ्या. शाळेतल्या कामाच्या नादात वेळेवर जेवायचं विसरू नका. आईंनी तुम्हाला आशीर्वाद आणि यांनी नमस्कार सांगितला आहे.

तुमची,
थोरली

ता. क. तो कुणीतरी म्हणजे मी. तुम्हाला ते डीएसटी शब्द पुसला तिथेच कळलं असणार, पण लिहून टाकलेलं बरं.

ता. क. २. बुधवारी दुपारी मी ती ओळ पुन्हा पूर्वीसारखी केली आहे. धाकटीचं आता उघडतं, मी स्वतः चार वेळा क्लिक करून बघितलं. (चौथ्या वेळी पंचवीसही पानं वाचली. अठराव्या पानावरचा कोपरा मला कधी जमला नसता.) हे पत्र लिहिण्याचं खरं कारण एवढंच की सोमवारी यादी लागण्याआधी तुम्ही बाईंना पुन्हा एकदा त्या लिंकवर क्लिक करायला लावा. कारण काहीही सांगा. सर्व्हरचं नाव घ्या, तो काही बोलणार नाही. दोन्ही बघून त्या ठरवतील ते ठरवतील. जागा एकच आहे हे मला माहीत आहे. मधे शाईचा ठिपका पडलाय तो इथेच पडला, दुर्लक्ष करा.

ता. क. ३. भाऊजी दोन दिवस सर्व्हर कंपनीशी भांडताहेत की तुमच्या माणसांनी आमच्या सेटिंगमध्ये हात घातला. तिथली मुलगी त्यांना फार नम्रपणे उत्तरं देते. ती म्हणाली की कुठला बदल किती वाजता आणि कुठल्या कॉम्प्युटरवरून झाला याची नोंद त्यांच्याकडे असते, सोमवारपर्यंत पाठवते. त्यामुळे भाऊजींना तुम्हीच सांगा. ते तुमचं ऐकतात आणि तुमच्या घरी आवाज चढवत नाहीत. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ते समोरच बसलेले असतील, म्हणून चेहरा सरळ ठेवा आणि आधी चहा होऊ द्या. धाकटीला मात्र मी सांगेन. आज सांगणार होते. ती स्वेटरचं माप घ्यायला आली आणि राहून गेलं.

ता. क. ४. सोबतच्या पार्सलमध्ये दोन कापडं आहेत. एकावर माझी वेल आहे, तुम्ही ती अजून बघितलेलीच नाही. दुसरा धाकटीच्या पडद्याचा कोपरा, तिने तुमच्यासाठी दिलाय. माझी वर ठेवली आहे आणि तिचा खाली, म्हणजे उघडल्याबरोबर आधी माझी दिसेल.

ता. क. ५. पाकीट तीन बाजूंनी शिवून झालं होतं, ते उसवून हे लिहिते आहे. धाकटीला सांगितलं. तिने मापाची टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली. मग भाऊजींच्या टेबलाखाली वाकली, माझं अंगुस्तान काढून दिलं आणि राहिलेल्या बाहीचं माप घेतलं. पार्सल मी पुन्हा बांधलंय. आता तिचा कोपरा वर आहे आणि माझी वेल तळाशी. पण तळाशी आहे हे विसरू नका वन्सं, हात अगदी खालपर्यंत घाला.